एकच जोडीदार: माणसाचा स्वभाव की समाजाची शिस्त?

कृष्णाकाठची

ओळखीत कुणाचं लग्न बाहेरच्या संबंधांपायी मोडलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "पुरुषाची जातच तशी." दुसरं जरा वाचणाऱ्या माणसांचं, "निसर्गात एकनिष्ठता नसतेच, ती समाजाने लादलेली." आणि लग्नसमारंभातल्या भाषणांत नेमकं उलटं ऐकू येतं: सारसाची जोडी, जन्मभराची साथ, निसर्गाचीच योजना. दोन्ही बाजू निसर्गालाच साक्षीला बोलावतात. म्हणून ही साक्ष खरोखर काय आहे ते बरेच दिवस वाचत होते. जे पटलं ते मांडते. ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी भर घालावी, जिथे पटणार नाही तिथे खोडून काढावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपण तीन प्रश्न एकात कालवतो. माणूस जोडी जमवतो का? जोडी जमल्यावर त्याला दुसऱ्या कुणाची ओढ वाटत नाही का? आणि एका वेळी एकच लग्न हा नियम कुठून आला? माझ्या मते जोडी जमवणं आपल्या अंगात आहे. ओढ एकापुरतीच राहणं अंगात नाही. आणि नियम माणसांनी केलेला आहे, तोही बराच उशिरा. माणसांनी केला म्हणून तो खोटा किंवा टाकाऊ ठरतो, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

पक्ष्यांचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. पक्ष्यांच्या ९० टक्क्यांच्या आसपास जातींमध्ये नर-मादी जोडीने राहतात, घरटं करतात, पिल्लं वाढवतात. १९८४ मध्ये इंग्लंडात अ‍ॅलेक जेफ्रीस यांनी डीएनए ठशांचं तंत्र शोधलं, आणि तीनच वर्षांत ते चिमण्यांवर वापरलं गेलं. मग एकेका जातीची घरटी तपासली जाऊ लागली. घरटं एका जोडीचं, पण त्यातल्या काही पिल्लांचा बाप शेजारचा, असं सर्रास आढळलं. ऑस्ट्रेलियातला सुपर्ब फेअरीरेन हा इवलासा निळा पक्षी जोडीने राहतो, आणि त्याच्या घरट्यातली निम्म्याहून जास्त पिल्लं बाहेरच्या नराची असतात. तेव्हापासून जीवशास्त्रज्ञ एकत्र संसार करणं आणि फक्त एकमेकांपासूनच पिल्लं होणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांकाठी आता मोजकेच सारस उरलेत. त्यांची जोडी वर्षानुवर्षं टिकते हे खरंच आहे. पण उत्तर प्रदेशात पक्षी-अभ्यासक गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या निरीक्षणांत तीन सारस मिळून एकच संसार करताना दिसले आहेत. क्वचित, पण दिसले आहेत, आणि तेही जिथे अधिवास बेताचा, दोघांनी पिल्लू वाढवणं जड जाईल, अशा जागी.

आता माणसाचं शरीर. जिथे एक नर अनेक माद्या राखतो तिथे नरांच्या मारामाऱ्या होतात आणि नर अंगाने मोठा होत जातो. गोरिलाचा नर मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो. जोडीने राहणाऱ्या गिबन या लहानशा वानरात दोघं जवळपास सारखे. माणसात पुरुष सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास जड, म्हणजे आपण गिबनच्या बाजूला झुकलेले, पण गिबन नाही. दुसरी खूण वृषणांची. चिंपांझीची मादी एकाच काळात अनेक नरांशी समागम करते, म्हणून नरांची स्पर्धा वीर्याच्या पातळीवर चालते आणि त्याची वृषणं १२० ग्रॅमच्या घरात जातात. अवाढव्य गोरिलाची जेमतेम ३० ग्रॅम. माणसाची ४० च्या आसपास. नरांच्या मारामाऱ्यांत कामाला येणारे सुळेही आपल्यात स्त्री-पुरुषांत फारसे वेगळे नाहीत, आणि सुळे लहान होण्याची सुरुवात ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डिपिथेकस या आपल्या आदिम नातलगातच दिसते. शरीर सांगतं ते एवढंच: जोडीकडे कल स्पष्ट, शिक्कामोर्तब नाही.

समाजांकडे बघितलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाच्या जगभरच्या सूचीत १,२३१ समाजांची नोंद आहे. त्यांतल्या फक्त १८६ समाजांत एकपत्नीकत्व हाच नियम. ४५३ समाजांत अनेक बायका अधूनमधून, ५८८ मध्ये सर्रास, आणि ४ मध्ये अनेक नवरे. हे आकडे दाखवून "बघा, ८५ टक्के समाज बहुपत्नीक" असं म्हटलं जातं, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. परवानगी असणं आणि घडणं यांत फार अंतर असतं. स्त्री-पुरुष जवळपास सारख्या संख्येने जन्मतात. गावातल्या दहा पुरुषांना दोन-दोन बायका हव्या असतील तर दहा जण बिनलग्नाचे राहणार. म्हणून बहुपत्नीक समाजांतही बहुतेक विवाहित पुरुषांना एकच बायको असते. दुसरी येते ती पाटलाच्या, सरदाराच्या, सावकाराच्या वाड्यात. आपल्याकडे पेशवाईत तरी वेगळं काय होतं?

जीवनिरीक्षक

फार नेटका धागा. मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर.

सस्तन प्राण्यांत जोडी दुर्मीळ का, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पक्ष्यांत अंडं बाहेर असतं, बापही उबवू शकतो. सस्तनांत गर्भ आईच्या पोटात आणि दूध आईच्या अंगात. बापाने थांबायचं कशासाठी? २०१३ च्या उन्हाळ्यात यावर दोन मोठे अभ्यास पाठोपाठ आले आणि त्यांची उत्तरं जुळली नाहीत. ल्यूकस आणि क्लटन-ब्रॉक यांनी २,५०० हून जास्त जाती तपासल्या. ९ टक्क्यांच्या आसपास जाती जोडीने राहणाऱ्या निघाल्या. त्यांच्या मते माद्या दूरदूर पांगलेल्या असल्या की नराला एकीपेक्षा जास्त राखताच येत नाहीत, म्हणून जोडी. ओपी आणि सहकाऱ्यांनी फक्त २३० प्रायमेट (माकडं, वानर यांच्या गटातल्या) जाती घेतल्या आणि निष्कर्ष काढला की परका नर येऊन पिल्लू मारतो, त्यापासून राखण करायला बाप थांबला. वाद अजून मिटलेला नाही. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: बापाने पिल्लाची काळजी घेणं हे जोडीचं मूळ कारण नाही, ते मागून आलेलं फळ आहे.

आता उंदरासारख्या व्होल या प्राण्याबद्दल. अमेरिकेच्या गवताळ भागातला प्रेअरी व्होल जोडी जमवतो, मादीच्या अंगाला अंग लावून बसतो, पिल्लांना चाटतो. त्याचाच भाऊबंद मेडो व्होल एकटा राहतो. फरक मेंदूत आहे. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या रसायनांना पकडणारे ग्राही प्रेअरी व्होलमध्ये नेमके बक्षिसाची जाणीव देणाऱ्या भागांत दाटीने असतात. २००४ मध्ये लॅरी यंग यांच्या प्रयोगशाळेत व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहीचं जनुक मेडो व्होल नराच्या मेंदूत त्या जागी घातलं, आणि एकटा राहणारा तो नर ओळखीच्या मादीलाच बिलगू लागला. वर्तमानपत्रांनी लगेच "एकनिष्ठेचं जनुक सापडलं" म्हणून डंका पिटला. पुढे २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले, तरी त्यांनी जोड्या जमवल्या. म्हणजे यंत्रणा एका कळीवर चालत नाही. आणि रानातल्या प्रेअरी व्होलचीही सगळी पिल्लं जोडीदाराचीच नसतात.

गिबनचं उदाहरण आलंच आहे तर सांगतो, भारतातला एकमेव बिनशेपटीचा वानर (एप) हुलॉक गिबन आहे आणि आसामात जोरहाटजवळ त्याच्यासाठी राखीव जंगल आहे. पहाटे नर-मादी मिळून गातात ते एकदा तरी ऐकावं असं असतं. त्याच्या थायलंडमधल्या भाऊबंदांतही जोडीबाहेरचा समागम नोंदला गेला आहे.

सांजवारा

वाचतेय. दोन्ही प्रतिसाद उत्तम.

परसबाग

माझ्या आजीला सवत होती. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट, माण तालुक्यातलं गाव. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून आजोबांसाठी दुसरी करायचं ठरलं. मुलगी बघायला आजीलाच पाठवलं. घरी येऊन तिने सांगितलं, "पोरगी कामाला चांगली आहे." हे वाक्य ती म्हातारपणीही तसंच्या तसं सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज बदलायचा.

माजघरात दोन चुली झाल्या. पिठाचा डबा एकच, पण त्यावर बोटांनी रेघ ओढलेली असायची. ज्वारी दळून आली की रेघेपर्यंत एकीचं, खाली दुसरीचं. धाकटीला मुलगा झाला तेव्हा शेक-शेगडी, बाळंतिणीचे लाडू, सगळं आजीने केलं. नंतर आजीलाही मूल झालं, ती माझी आई. आजोबा कुणाच्या चुलीवर जेवणार हे संध्याकाळी ते पायताण कुठल्या दाराशी काढतात त्यावरून कळायचं, आणि दोघी स्वयंपाक करूनच ठेवायच्या. एकीचा रोज उरायचा. ते शिळं दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खायची, मुलांना द्यायची नाही.

मला इतकंच विचारायचं आहे: त्या घरात निसर्ग कुणाच्या बाजूने होता? आजीच्या पोटात जे तुटायचं ते नैसर्गिक नव्हतं का? "माणूस मुळात बहुगामी" हे वाक्य मी आजवर पुरुषाच्या सोयीसाठीच वापरलेलं ऐकलं आहे. बाईला दुसरा हवासा वाटला तर तिला निसर्गाची सवलत कुणी दिली? आजोबा १९६८ मध्ये गेल्यावर सातबाऱ्यावर धाकटीच्या मुलांची नावं लागली. आईचं लागलं नाही, तिने मागितलंही नाही.

मांडवीकाठ

परसबाग, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. मी पणजीत वकिली करतो, तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो. आजोबा हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आल्यानंतर वारले. त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीत दोन्ही विधवांना मिळून एक हिस्सा आणि प्रत्येक मुलाला व मुलीला एकेक हिस्सा होता. तुमच्या आईचा हक्क कायद्याने होता. तो सातबाऱ्यावर आला नाही, ही आपल्याकडच्या हजारो घरांतली गोष्ट आहे.

त्यांचं दुसरं लग्न १९४६ च्या आधीचं असेल तर ते तेव्हा कायदेशीरच होतं. मुंबई प्रांताने त्या वर्षी हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली, सबंध देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या नऊ वर्षं आधी. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले. म्हणणं काय, तर पुत्रप्राप्ती हे धर्मकर्तव्य, त्यासाठी दुसरी बायको करता आली पाहिजे, आणि बंदी फक्त हिंदूंनाच का? १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. नरसू अप्पा माळी खटला म्हणून तो आजही प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला वाचावा लागतो.

पण कायदा झाला म्हणजे सवत गेली असं नाही. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की दुसरं लग्न आवश्यक विधींसह लागलेलं असेल तरच द्विभार्येचा गुन्हा होतो. परिणाम असा की विधीत खोट दाखवली की पुरुष सुटतो, आणि त्या दुसऱ्या बाईला बायको म्हणून हक्क मिळवणं अवघड होऊन बसतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त हेच समजावून सांगावं लागतं.

गोव्याचा कायदा वेगळा. पोर्तुगिजांनी १८८० मध्ये इथल्या हिंदूंच्या रूढींची संहिता केली. तिच्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा लिहिलेली आहे. व्यवहारात ती कुणी वापरताना दिसत नाही. पण बघा, एकपत्नीकत्व मानणाऱ्या कॅथलिक राज्यकर्त्यांनीही वंशाला दिवा हवा या युक्तिवादापुढे मान तुकवली.

आणि आजची परिस्थिती: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायका असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया देशात १.४ टक्के आहेत. हिंदू आणि मुस्लिम स्त्रियांच्या आकड्यांतला फरक एका टक्क्याच्या आत आहे. हा विषय निघाला की एकाच समाजाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पानगळ

आपल्याच परंपरेत हा प्रश्न किती उघडपणे विचारला गेला आहे ते इथे कुणीच आणलं नाही. महाभारताच्या आदिपर्वात पांडू कुंतीला सांगतो की पूर्वी स्त्रिया मोकळ्या होत्या, हवं त्याच्याबरोबर जात, आणि तो अधर्म मानला जात नव्हता. उत्तरकुरूंमध्ये आजही तसंच आहे, असंही तो म्हणतो. मग उद्दालकाच्या मुलाने, श्वेतकेतूने, आपल्या आईला एक ब्राह्मण हाताला धरून नेताना पाहिलं. बाप शांत होता: हा सनातन धर्म आहे, रागावू नकोस. मुलगा भडकला आणि त्याने मर्यादा घातली. यापुढे बाईने नवऱ्याला ओलांडणं पाप, आणि पुरुषानेही पतिव्रता बायकोला ओलांडणं तसंच पाप.

ही कथा सांगणारा पांडू कोण? शापामुळे समागम करू न शकणारा, पण मुलगे हवे असलेला राजा. कुंतीने दुसऱ्याकडून मूल मिळवावं म्हणून तो तिला पटवतोय. म्हणजे "पूर्वी सगळं मोकळं होतं" हा युक्तिवाद आपल्या सोयीसाठी वापरण्याची पद्धतही तितकीच जुनी. परसबाग म्हणतात ते इथेही लागू आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना याच कथांचा धागा पकडला होता. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, पण विवाह बदलत आलेला आहे हे त्या काळी लिहायला छाती लागत होती. आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवरचं मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी तर त्यापायी खटले सोसले.

वाटाड्या

इतकं सगळं वाचून मला एकच वाटतं. ज्याला राहायचं तो राहतो, ज्याला नाही राहायचं तो उंदरांची उदाहरणं देतो. आमच्या आईवडिलांनी पन्नास वर्षं संसार केला, त्यांना कुठल्या ग्राहीची गरज पडली नाही.

जीवनिरीक्षक

वाटाड्या, त्यांच्या मेंदूतही हीच रसायनं होती, आणि त्याने त्यांचा संसार कमी मोलाचा होत नाही. उंदीर माणसाला मोकाट सोडत नाही. एकमेकांवाचून करमत नाही ही जाणीव किती जुनी आणि किती खोल आहे, ते तो दाखवतो.

देवदार

मी डेहराडूनमध्ये नोकरीला आहे. जौनसार-बावर इथून काही तासांवर. तिथे आणि पलीकडे हिमाचलच्या सिरमौरमध्ये भावाभावांनी मिळून एक बायको करण्याची चाल होती, आणि पूर्ण संपलेलीही नाही. जुलै २०२५ मध्ये सिरमौरच्या शिलाई भागात दोन भावांनी उघडपणे, मांडव घालून, एकीशी लग्न केलं. देशभर बातम्या झाल्या. तिथे या चालीला जोडीदारां म्हणतात. कुणालाही विचारा, पहिलं कारण जमिनीचंच सांगतात. डोंगरउतारावरची पट्टी एवढीशी, तीन भावांचे तीन संसार झाले तर कुणाचंच भागणार नाही. एक भाऊ शेतात, एक मेंढरांमागे, एक नोकरीला, आणि घर एक.

निलगिरीच्या तोडा आदिवासींमध्येही हे होतं. मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी १९०६ च्या पुस्तकात लिहिलं आहे की बाई गरोदर असताना एक नवरा तिला धनुष्यबाण देण्याचा विधी करतो आणि समाजाच्या दृष्टीने तोच बाप. बीज कुणाचं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. व्हेनेझुएलाचे बारी लोक तर मानतात की मुलाला एकापेक्षा जास्त बाप असू शकतात. बेकरमन यांच्या अभ्यासात दुसरा बाप असलेली ८० टक्के मुलं पंधरा वर्षांपर्यंत जगली, एकच बाप असलेली ६४ टक्के. दुसरा बाप मासे आणि शिकार आणून देतो.

आपल्याकडे लांब जायला नको. शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळ गावात पाणी आणायला माणूस हवं म्हणून दुसरी-तिसरी बायको केल्याच्या बातम्या दहा वर्षांपूर्वी जगभर गेल्या. त्या बहुतेक विधवा किंवा टाकलेल्या बायका. डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालायचं, त्या बदल्यात छप्पर आणि कपाळाला कुंकू. तिथे वासना कुठे आहे? गावात नळ आला असता तर ही लग्नं झालीच नसती.

कृष्णाकाठची

देवदार, पाण्याचं उदाहरण माझ्या मनात घर करून बसलं. लग्नाचा आकार जमीन, पाणी, अन्न आणि कामाचे हात ठरवतात, हे याहून स्पष्ट कसं सांगणार.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे निष्ठेकडे, येते. "दर तिसऱ्या मुलाचा बाप वेगळाच असतो" असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. तो आकडा ज्यांना आधीच संशय होता म्हणून चाचणीला गेले अशा लोकांचा आहे. बेल्जियममध्ये लारम्यूसो यांनी शेकडो वर्षांच्या वंशावळी आणि आजच्या वंशजांची, बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणारी, वाय गुणसूत्रं ताडून पाहिली. पिढीमागे सरासरी १ टक्क्याच्या आसपास मुलं बाहेरच्या बापाची निघाली. एकोणिसाव्या शतकात दाटीवाटीच्या शहरांतल्या गरीब मजूर-विणकरांमध्ये तोच आकडा ६ टक्क्यांपर्यंत गेला होता, खेड्यातल्या शेतकऱ्यांत मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मालीमधले डोगोन बहुपत्नीक आहेत, तिथे १.८ टक्के. फेअरीरेनच्या तुलनेत माणूस कितीतरी इमानी.

आणि तरीही नामिबियातले हिंबा आहेत. ब्रूक सेल्झा यांच्या २०२० च्या अभ्यासात तिथली ४८ टक्के मुलं नवऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याची होती, आणि आईबापांना ते बहुतेक वेळा ठाऊकही होतं. तिथे त्याचा फारसा बाऊ होत नाही. समाजाच्या दृष्टीने बाप मात्र नवराच. म्हणजे आपल्या जातीत १ ते ४८ एवढा पल्ला आहे. मला यातून दिसतं ते असं की जोडीची गरज सगळीकडे आहे, तिला कुंपण किती उंच घालायचं ते प्रत्येक समाज ठरवतो.

निळाई

इथे लिहावं की नाही याचा विचार करत होते. मी बंगळुरूला असते. मी आणि माझा जोडीदार, आम्ही ठरवून एकमेकांना बांधलेलं नाही. दोघांनाही दुसरी नाती आहेत, दोघांनाही ती माहीत आहेत. आम्ही जास्त नैसर्गिक आणि तुम्ही दबलेले, असा दावा मी करत नाही, आणि आमच्यातले जे करतात ते मला पटत नाहीत. मत्सर होतोच. तो ज्या रात्री होतो त्या रात्री सगळी पुस्तकं बाजूला राहतात, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. आम्ही त्याबद्दल बोलतो, इतकाच फरक. मला जे नको होतं ते खोटं बोलणं.

गुलबक्षी

निळाई, प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. मी पुण्यात विवाह समुपदेशन करते. माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांना माणूस मुळात कसा आहे यात रस नसतो. बायको सांगते, तो आंघोळीलाही फोन घेऊन जायचा. नवरा सांगतो, तिने दिवाळीत माझ्या आईपुढे हसून लाडू वळले आणि त्याच दुपारी त्याला भेटली. दुखतं ते हे. शरीरसंबंध कधी घडला, किती वेळा, हे विचारतात, पण उत्तर मिळालं तरी शांत होत नाहीत. आपण ज्या घरात राहत होतो ते दुसऱ्याला वेगळंच दिसत होतं, हे त्यांना सहन होत नाही.

तुमच्यासारखी ठरवून राहणारी जोडपीही आता येतात. एक विचारते: दोघांची ताकद त्या नात्यात खरोखर सारखी आहे का? मी बघते त्यांत बहुतेक वेळा एकाने मोकळीक मागितलेली असते आणि दुसऱ्याने नातं तुटू नये म्हणून हो म्हटलेलं असतं. मूल झालं, एकाची नोकरी गेली, की ही असमानता उघडी पडते.

निळाई

सारखी नेहमीच असते असं नाही म्हणणार. मूल नाही आम्हाला. झालं असतं तर सगळं पुन्हा बसून ठरवावं लागलं असतं, हे तुमचं बरोबर आहे.

मांडवीकाठ

एक शंका, कृष्णाकाठची. सुरुवातीला तुम्ही म्हणालात की एकच लग्नाचा नियम माणसांनी केला म्हणून टाकाऊ होत नाही. तो मुद्दा पुढे आलाच नाही.

कृष्णाकाठची

खरंय, तो मागे पडला.

हेन्रिक, बॉइड आणि रिचर्सन या संशोधकांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न मांडला: ज्या समाजात श्रीमंत पुरुषांना वाटेल तेवढ्या बायका परवडत होत्या, तिथे एकपत्नीकत्वाचा नियम पसरला कसा? त्यांचं उत्तर बिनलग्नाच्या तरुणांत आहे. वरच्यांनी चार-चार बायका केल्या की खालच्या थरात लग्न न होणाऱ्यांची फौज तयार होते. त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. चोऱ्या, मारामाऱ्या, मुली पळवणं वाढतं. वधू दुर्मीळ झाली की तिच्यावर पहारा वाढतो, तिचं लग्नाचं वय खाली येतं. नियमाने बायका वाटल्या गेल्या की बाप मुलांवर जास्त खर्च करतो. हा शब्द, वाटल्या गेल्या, लिहिताना मला चीड येते, कारण या हिशेबात बाई ही वाटायची चीज आहे. पण समाज त्या हिशेबाने चालत होते हे नाकारता येत नाही.

आपण हे वेगळ्या वाटेने बघतोय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी शेरवानी-फेटे घालून, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. आम्हाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही मागणी. लोकांनी चित्रफिती बघून हसून घेतलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मुली पोटात मारून जे झालं तेच मूठभर पुरुषांनी अनेक बायका करून होतं.

म्हणून मला १९४६ चा तो कायदा मोठा वाटतो. परसबागच्या आजीला त्याने काही दिलं नाही. पण पुढच्या पिढीतल्या बाईला "मुलगी बघून ये" म्हणून पाठवता येणार नाही एवढं तरी त्याने केलं. निसर्गाने हे आपल्यासाठी करून ठेवलेलं नव्हतं. विधीत खोट काढून सुटायची जी पळवाट तुम्ही सांगितलीत, ती बुजवायला मात्र हवी.

सांजवारा

जीवनिरीक्षक यांना एक प्रश्न. व्होलमधलं ते व्हॅसोप्रेसिनचं जनुक माणसातही असतं ना? मग कुणी चाचणी काढली आणि लग्नाआधी पत्रिकेबरोबर तीही मागू लागले तर? आमच्याकडे रक्तगट मागतातच.

जीवनिरीक्षक

असतं. २००८ मध्ये स्वीडनमध्ये ५५२ जुळ्यांच्या जोड्या आणि त्यांचे जोडीदार यांच्यावर यासाठीच अभ्यास झाला. त्या ग्राहीच्या जनुकाशेजारी एक विशिष्ट रूप असतं. पुरुषात त्याची एकही प्रत नसेल तर मागच्या वर्षभरात संसारात मोठं संकट किंवा घटस्फोटाची वेळ आल्याचं सांगणारे १५ टक्के होते. दोन प्रती असतील तर ३४ टक्के. स्त्रियांच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही.

फरक आहे, पण यावरून एका माणसाचा निवाडा करता येत नाही. वर्तनावर शेकडो जनुकांचा थोडाथोडा भार असतो, आणि बालपण, पैसा, दारू, घरातलं वातावरण यांचा त्याहून मोठा. कुणी चाचणी मागितली तर सरळ नकार द्या. त्याच अभ्यासात दोन्ही प्रती असलेल्या ६६ टक्के पुरुषांच्या घरी त्या वर्षी असं काहीच घडलेलं नव्हतं.